उसन्या घोडीची तपासणी

जनावरांच्या कायद्यात लोक अडकत्यात ते त्यांचं जनावर रोडकं असतं, लंगडं असतं, पाठीला जखम असती म्हणून. नाशकात मी एकटाच असा निघालो, की माझी घोडी धडधाकट होती म्हणून अडकलो. हे कसं काय, ते सांगतो. समजायला अवघड नाय. अवघड असतं तर माझ्या हातून झालंच नसतं.

माझं शिक्षण म्हणाल तर दुसरी मला सोडंना आन तिसरी मला घेईना. शेवटी बापानं टांग्यावर बसवलं. टांगा हाकायला काय लागतं, तर घोड्याला रस्ता माहीत पाहिजे. बापाच्या घोड्याला होता. मी नुसता लगाम धरून इकडंतिकडं बघायचो.

बाप गेला, घोडा बी गेला, मंग मी येवल्याच्या घोडेबाजारात जाऊन एक घोडी आणली. साल एकोणीसशे नव्वदच्या पुढचं, दोन-चार वर्षांतलं असंल. जाणती माणसं घोड्याचे दात बघून वय सांगत्यात. मी बी दात बघायला वाकलो, तर तिनं माझी टोपी खाल्ली. म्हणलं भूक चांगली हाय, तब्येत बी चांगलीच असणार. घेतली. वर कपाळावर केसांचा जोडभोवरा आन गळ्याखाली देवमण. देवमण म्हणजे शुभ भोवरा, तो असलेलं जनावर घरात आलं की भरभराट होती म्हणत्यात. झाली की. घोडीची झाली. मी होतो तसाच राहिलो.

पण मला तिचा गर्व लय. पंचवटी कारंजावर आमचा स्टँड होता. रिक्षा वाढल्या होत्या, तरी बाहेरगावची देवदेव करायला आलेली मंडळी हौसेनं टांग्यात बसायची. गिऱ्हाईक नसलं की मी सुरू व्हायचो: "कपाळाला जोडभोवरा, गळ्याला देवमण, राजाच्या पागेत शोभावी अशी घोडी!" रोज तेच. स्टँडवरच्या सगळ्यांना ते पाठ झालं. मला दुसरीतली कविता पाठ झाली नाय, पण माझं भाषण मी अख्ख्या स्टँडकडून पाठ करून घेतलं.

आता कायद्याचं. टांग्याच्या जनावराची वर्षातून एकदा तपासणी असायची. जनावरांचा डॉक्टर बघायचा की अंगावर जखम नाय ना, पाय लंगडत नाय ना, पोटाला मिळतं ना. एक हवालदार टांगा बघायचा, चाकं, दांड्या, कंदील. दोन्ही पास झालं की पत्र्याचा बिल्ला मिळायचा, तो घोड्याच्या गळ्यात बांधायचा. बिल्ला नसंल तर टांगा बंद. आन टांगा बंद पडलेलं जनावर कुठं जातं, तर वीटभट्टीवर. सिन्नरकडचा एक भट्टीवाला शेठ तपासणीच्या दिवशी दोर खांद्यावर टाकून हजरच असायचा. नापास झालेली जनावरं पडत्या भावात घ्यायचा. भट्टीवरची घोडी मी एकदा बघितली होती. विटा वाहून तिची पाठ पार बसली होती, आन हाक मारली तर कान बी हलवला नाय.

पण आमच्या स्टँडवर कुणी नापास व्हायचंच नाय. आमची एक रीत होती. जशी शेजारणीकडून वाटीभर साखर आणत्यात, तशी तपासणीपुरती माझी घोडी न्यायची. जुने डॉक्टर छत्रीखाली बसून लांबूनच बघायचे. एक टांगेवाला माझी घोडी आपल्या टांग्याला जुंपून दाखवायचा, मंग देवळामागं नेऊन सोडायचा, साज बदलायचा, आन दुसरा तीच घोडी घेऊन यायचा. कुणी लाल गोंडे लावायचं, कुणी डोक्याला पिसाचा तुरा. सगळ्यात म्हातारा टांगेवाला म्हणजे चाचा. त्याच्याकडं तर घोडी नव्हतीच, घोडा होता. पण जुन्या डॉक्टरांनी एवढ्या खालपर्यंत कधी बघितलं नाय.

मला ह्यात काय मिळायचं? मिसळ. आन मान. माझ्या घोडीनं दुसऱ्यांच्या नावावर एवढ्या परीक्षा दिल्या आन एकदा बी नापास झाली नाय. आमच्या घराण्यात पास होणारं पहिलं जनावर तीच.

त्या साली डॉक्टर बदलले. तपासणी गंगेवरच्या, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, पटांगणात होती. स्कूटरवरनं एक तरणी बाई आली, ओढणी डोक्याला बांधली, पिशवीतनं नळी काढली आन हवालदाराला म्हणली, "छत्री नको मला. घोडे पळवून दाखवायला सांगा."

"पळवून?" हवालदारच घाबरला.

"मग बसल्या जागी लंगडणं दिसतं का?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. मला तेव्हाच घोडी घेऊन घरी जायला पाहिजे होतं. पण चाचानं खांद्यावर हात टाकला. "बेटा, तेरी घोडी तो हवा है हवा. दोन चकरा ज्यादा मारंल, उसको क्या फरक पडता है?"

झालं. कुणी माझ्या घोडीला हवा म्हणलं की माझ्या डोक्यात बी हवाच.

पहिला टांगेवाला घोडी घेऊन गेला. बाईंनी पटांगणाला चक्कर मारायला लावली, छातीला नळी लावली, टापा उचलून बघितल्या. मंग विचारलं, "ओळखीची खूण काय लिहू?"

त्यानं छाती फुगवून सांगितलं, "कपाळाला जोडभोवरा, गळ्याला देवमण, राजाच्या पागेत शोभावी अशी!"

दुसरा गेला. त्यानं बी तेच सांगितलं, त्याच चालीत. तिसऱ्याला बी तेच येत होतं. बाई लिहायची थांबली आन त्याच्याकडं बघत राहिली. मी गर्दीत उभा. मला बाईंचं काय दिसलं नाय, मला आपलं बरं वाटत होतं की माझं भाषण सरकारी कागदावर चाललंय.

चाचाची पाळी आली. बाईंनी कागद बघितला. "यावर घोडा लिहिलंय."

चाचा घोडीकडं असा बघायला लागला, जसं काय त्याला आत्ताच कळलं. "बाई, लिखनेवाले की गलती है. मैं तो तब भी बोला था उसको."

"बरं. ओळखीची खूण?"

"कपाळ को जोडभोवरा..." चाचा अडकला. म्हातारा माणूस, पुढचं आठवंना. "जोडभोवरा... और..."

आन मी, देवानं मला काय म्हणून जीभ दिली, गर्दीतनं मोठ्यानं ओरडलो, "देवमण! चाचा, देवमण सांगा की! गळ्याखाली!"

बाईंनी मान वळवून मला एकदा नीट बघून घेतलं. हवालदारानं टोपी काढून डोकं खाजवलं. मी हसलो. काय करावं ते कळलं नाय की मी हसतो, म्हणून तर माझे सगळे फोटो हसरे हायेत.

माझी पाळी आली तवर ऊन डोक्यावर आलेलं. घोडीच्या अंगाला घामाचा फेस, आन पुढचा उजवा पाय ती टेकवीना. पळताना खडा लागला होता टापंला. मी चुचकारलं, ती दोन पावलं टाकून उभी राहिली आन माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी आमची मंडळी बघती मी रिकाम्या हातानं घरी गेलो की.

"हिला काय झालंय?" बाई म्हणली.

"काय नाय बाई. लाजती ती. चारचौघांत आली ना."

"लाजून लंगडते?"

बाईंनी पाय उचलून बघितला, छातीला नळी लावली आन हवालदाराला सांगितलं, "अनफिट. बाकीच्यांचे बिल्ले आठवड्यानं बघू. यांचा जुना काढून घ्या." हवालदारानं माझ्या घोडीच्या गळ्यातला बिल्ला सोडला. अख्ख्या स्टँडची रोगट जनावरं देवळामागं सावलीत गवत खात उभी, आन नापास झाली ती माझी एकटी.

बोलू तरी काय? बाई, ही घोडी सकाळधरनं तुम्हीच पळवताय, असं म्हणलं असतं तर सगळेच आत. परत येताना भट्टीवाला शेठ आडवा आला. "काय भाऊ, देता का? तुमची बघून ठेवलीय मी. घाई नाय."

घरी मंडळींनी ऐकून घेतलं आन चूल फुंकत म्हणल्या, "आवं, लोकं सायकल उसनी देत्यात, पंप उसना देत्यात. तुम्ही घोडी देता."

"मान असतो त्यात."

"मान कालवणात घालू का आता? माझा भाऊ सातपूरला कंपनीत जातो. त्याच्या जागी दुसऱ्याला हजेरी लावायला पाठवतो का तो?" जरा वेळानं भाकरी थापता थापता म्हणल्या, "बिल्ला परत नाय मिळाला तर द्या ती शेठला. टांगा उभा ठेवून तिला हरभरा कुठनं चारायचा? नायतर असं करा, तिला ठेवू, तुम्ही जा भट्टीवर."

हे त्या गमतीनं म्हणल्या का खरं, ते मी विचारलं नाय. पण शेठ रोज सकाळी यायला लागला. चहा घ्यायचा, घोडीच्या पाठीवरनं हात फिरवायचा आन जायचा. तो हात फिरवायला लागला की घोडी कान मागं पाडायची.

मंग मी ठरवलं, बाईंच्या दवाखान्यात जायचं आन थाप मारायची. रस्ताभर थाप घोकली: घोडीनं आदल्या दिवशी वाईट काहीतरी खाल्लं, म्हणून थकली, आता बरी हाय. दवाखान्यात बाई एका शेळीला सुई टोचत होती. मान वर न करता म्हणली, "बोला."

"बाई, माझी घोडी त्या दिवशी थकली ती खाण्यामुळं."

"काय खाल्लं?"

एवढी थाप घोकली पण काय खाल्लं ते ठरवायचं राहिलं होतं. तोंडाला आलं ते बोललो. "मिसळ."

"घोडीनं मिसळ खाल्ली?"

"नाय, मी खाल्ली."

"तुम्ही मिसळ खाल्ली म्हणून घोडी लंगडली?"

"तसं बघितलं तर... तसंच झालं बाई."

"मिसळ दिली कुणी तुम्हाला?"

"चाचानं."

"कशाबद्दल?"

मी शेळीकडं बघितलं. शेळीनं पण माझ्याकडं बघितलं. कुणीच काही मदत केली नाय. शेवटी मी म्हणलो, "बाई, तुम्ही सगळं वळखलंय का?"

तेव्हा बाई पहिल्यांदा हसली. "अहो, मला वाटलं नाशिकच्या सगळ्या घोड्यांना एकच आई आहे. आणि तिसऱ्या खेपेला तर तुमची घोडीच मला ओळखायला लागली. माझ्या पिशवीत तोंड घालत होती."

"मग बाई, नापास माझी एकटीच का केली?"

"कारण तपासली मी तुमची एकटीच. बाकीची आलीच कुठे?"

बाईंनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात सगळ्यांनी पुन्हा यायचं, ज्यानं त्यानं आपलंच जनावर आणायचं. दुसऱ्याचं आणलं तर केस. आन माझ्या घोडीला तवर सावलीत ठेवायचं, टापंला औषध लावायचं, टांग्याला जुंपायचं नाय. "जुंपलेली दिसली तर बिल्ला विसरा."

निघालो तर दारात हवालदार. "आन टांगा बी आणायचा बरं का. टांग्याची तपासणी त्या दिवशी राहिलीय तुझी."

"घोडी जुंपायची नाय, मंग टांगा आणू कसा?"

"ते मला काय विचारतो? कायदा दोन्ही पाहिजे म्हणतो."

स्टँडवर बातमी माझ्याआधी पोचलेली. मी दवाखान्यात जाऊन सगळ्यांची नावं सांगितली असं झालं. आता काय सांगायचं, मला चुगली बी धड जमली नव्हती, बाईंना सगळं आधीच माहीत होतं. पण कोण ऐकतंय? माझ्याशी बोलणं बंद. मी टपरीवर गेलो की सगळ्यांचा चहा संपलेला. चाचानं तर जमिनीवर थुंकून सांगितलं, "मिसळ खाई मेरी, और घंटी बजाई उसकी."

तपासणीच्या दिवशी मी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं, कुणी टांगा ओढायला जनावर देतंय का. कुणी दिलं नाय. मंग काय करतो? दोन्ही दांड्या धरल्या, घोडी मागं बांधली आन निघालो. पंचवटीत सकाळच्या टायमाला गर्दी कशी असती. टांग्याच्या दांड्यांत माणूस आन मागं घोडी ऐटीत चालतीय, देवाला निघाल्यासारखी. दुकानदार बाहेर येऊन बघायला लागले. एक बाई पोराला दाखवत होती. बाहेरगावच्या एका आजोबांनी थांबवून विचारलं, "काळ्या रामाला येणार का?"

"घोडी आजारी हाय, आजोबा."

"मग तू तर आहेस की."

सपाटीला ओढत होतो तवर बरं होतं. गंगेवरच्या उतारावर आलो आन समजलं की टांगा ओढायचा नसतो, अडवायचा असतो. टांगा माझ्या पाठीवर बसला. मी पळत नव्हतो, टांगा मला पळवत होता. चपला मागं राहिल्या. भाजीवाल्या बाया टोपल्या उचलून बाजूला झाल्या. मी ओरडत होतो, "सरका! सरका!" आन मागं बांधलेली घोडी मागं रेटून धरत होती, दोर ताणून. ती नसती तर मी टांग्यासकट रामकुंडात गेलो असतो.

तेवढ्यात टांगा मागनं जड झाला आन हळू झाला. वळून बघतो तर चाचा. टांगा स्टँडवर ठेवून, घोड्याला हातानं धरून तो बी तपासणीलाच चालला होता. घोड्याचा लगाम तोंडात आन दोन्ही हातांनी टांग्याची पाठ धरून पाय रोवलेले. लगाम दातात धरूनच शिव्या देत होता. "गधे के बच्चे! टांगा ऐसा उतारते क्या? तिरपा ले! तिरपा!"

खाली पोचलो तवर आम्ही दोघं बी बोलायच्या लायकीचे नव्हतो.

बाईंनी माझी घोडी पळवली. एकच चक्कर. टाप बघितली, छाती ऐकली. भट्टीवाला शेठ दोर घेऊन बाजूलाच उभा. माझा जीव असा झाला होता की ती नळी कुणी मला लावली असती तर बाईंचे कान फुटले असते. बाई म्हणली, "फिट." घोडी परत मागं बांधली तवर हवालदार बिल्ला बांधायला टांग्याच्या पुढं आला, तर तिथं दांड्यांत मी. त्यानं माझ्या गळ्याकडं बघितलं, घोडीच्या गळ्याकडं बघितलं, आन मागं जाऊन घोडीला बांधला. मला रडायला यायला लागलं म्हणून मी खोकलो.

मंग चाचाचा घोडा. बाईंनी साजाखालचं फडकं उचललं आन मला लांबनं वास आला. पाठीवर हाताएवढी जखम, माश्या बसलेल्या. एवढी वर्षं मी चाचाच्या शेजारी टांगा लावत होतो. वर्षातून एकदा ती जखम माझ्या घोडीमुळं झाकली जायची आन मी वर मिसळ खायचो. चाचा दुसरीकडं बघत राहिला. बाई काही रागावली नाय. म्हणली, "दवाखान्यात आणून बांधा. ड्रेसिंग मी करीन. जखम भरल्याशिवाय जुंपायचा नाही."

भट्टीवाला शेठ पुढं सरकला. "चाचा, कशाला दवाखाना? देऊन टाका, मोकळे व्हा."

"मेरे को ले जा," चाचा म्हणला. "मैं भी बुढ्ढा हूँ, भाव कम पडेगा. घोडा नाही देनेका."

शेठ दोर खांद्यावर टाकून दुसऱ्या टांग्याकडं गेला.

चाचानं घोडा दवाखान्याच्या माणसाकडं दिला. घोड्याच्या कानात काहीतरी बोलला, आन परत आला तर हात रिकामे. आयुष्यभर लगाम धरलेला माणूस, रिकामे हात कुठं ठेवावं ते त्याला कळंना. बाईंनी मला सांगितलं होतं, आजच्या दिवस घोडीला मोकळीच न्या, उद्यापासून जुंपा. म्हणजे टांगा चढावर मलाच ओढायचा. मी दांड्या उचलल्या. चाचा काही न विचारता वर चढून बसला.

"चल," तो म्हणला. "कारंजा."

मी ओढायला लागलो. चढ सुरू झाला. पाय घसरत होते, घाम डोळ्यांत जात होता, टांगा दोन पावलं पुढं आन एक मागं. चाचा वर बसून दोन्ही बाजूला बघत होता, बसायचा तसाच, त्याच्या घोड्यामागं बसायचा तसा. अर्ध्यात मी थांबलो. छाती भात्यासारखी होत होती.

मंग टांगा हलका झाला. चाचा खाली उतरला होता.

एवढ्या वर्षांत चढावर टांग्यातनं उतरलेलं मी चाचाला बघितलं नव्हतं. ऊन असो, सवारी किती बी असो, तो वरनंच चाबूक फटकवायचा. त्या दिवशी उतरला, माझ्या बाजूची दांडी धरली आन रेटायला लागला.

"क्या देखता है?" म्हणला. "ओढ."